हाडाच्या खांडीत भर घालताना

माकणीच्या आसपासची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या पुस्तकाचा विषय समजायला वेळ लागणार नाही. जाडजूड दगडी भिंत बाहेरून अखंड वाटे. प्रत्यक्षात ती दोन थरांची असे आणि मधल्या जागेत चिपा-गोटे मातीत कालवून भरलेले असत. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब आडवा दगड बहुधा नसेच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हादरली तेव्हा थर सुटले, भर ढासळली आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळच्या सास्तूरला, पलीकडे किल्लारीला काय झाले ते इथे कुणाला सांगावे लागत नाही. भर नुसती घालून चालत नाही, ती दोन्हीकडे धरावी लागते.

हाडाचे तसेच आहे. साधे मोडलेले हाड शरीर स्वतः सांधते. पण अपघातात तुकडाच गेला, किंवा गाठ अथवा जंतुसंसर्ग खरवडून काढल्यावर मोठी पोकळी राहिली, तर ती खांड आपोआप भरून येईलच असे नाही. अशा वेळी सर्वांत भरवशाची भर म्हणजे रुग्णाचेच, कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेले हाड. त्यात जिवंत पेशी असतात. मात्र ते मोजकेच मिळते, लहान मुलात तर फारच थोडे, आणि काढलेल्या जागेची दुखी मूळ दुखण्यापेक्षा जास्त काळ टिकलेली मी पाहिली आहे. म्हणून बनवलेल्या भरीचा शोध.

१८९२मध्ये जर्मनीत ड्रीझमन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिले. ते काही आठवड्यांतच विरघळते, नवे हाड तेवढ्या वेगाने येत नाही. १९२०मध्ये अमेरिकेत ऑल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरले, आणि १९६९मध्ये लॅरी हेंच यांनी हाडाला रासायनिक बंधाने चिकटणारी काच तयार केली. व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी बसमध्ये झालेल्या बोलण्यातून ती कल्पना निघाली होती.

आज मुख्यतः दोन पदार्थ वापरात आहेत: हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो आणि पहिला पदार्थ त्या खनिजाचा जवळचा भाऊबंद. तो वर्षानुवर्षे राहतो. दुसरा काही महिन्यांत ते एक-दोन वर्षांत झिजून जागा मोकळी करून देतो.

नवशिक्यांनी मात्र रसायनाआधी कुंभाराकडे जावे असे मला मनापासून वाटते. माठाच्या मातीत तो घोड्याची लीद मिसळतो. आव्यात लीद जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होते. हाडाची भर बनवणारेही खनिजाच्या भुकटीत मेण, स्टार्च किंवा नॅप्थलिन, म्हणजे कपाटातली डांबरगोळी, मिसळतात. ते उडून गेल्यावर हजार अंशांच्या वर भट्टी लावतात. उरलेली छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत आणि शंभर मायक्रॉनपेक्षा मोठी, शक्यतो तीनशेच्या पुढची, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्या मागून हाड येते. भर धरते ती या मोकळ्या जागांमुळे.

छिद्रे वाढवली की ताकद घटते. सिरॅमिक दाब सोसते, वाकवले की तडकते. त्यामुळे प्लेट आणि स्क्रूचा आधार सुटत नाही. पूने भरलेल्या जखमेत तर ही भर घालण्याची घाई कुणीही करू नये.

सर्जन, दंतवैद्य, रसायनाचे विद्यार्थी, भट्टीवर काम करणारे इंजिनिअर, सर्वांचे इथे स्वागत आहे. वाचायला बसण्यापूर्वी एकाच रुग्णाचे लागोपाठचे एक्स-रे खिडकीशी धरून पाहा. पहिल्या फिल्मवर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भोवतालच्या हाडापेक्षा पांढरे, कडा कोरल्यासारख्या. पुढच्या फिल्मांवर त्या कडा पुसट होत जातात. भर जिथे धरली, तिथे हाड कुठे संपते आणि दाणा कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून सांगता येत नाही.