प्रीतीची दुहेरी आज्ञा

ईश्वरावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकीच प्रीती करावी, ही ख्रिस्ती जीवनाची सर्वश्रेष्ठ मानलेली आज्ञा. तिचे दोन्ही भाग मूळचे यहुदी नियमशास्त्रातील (अनुवाद ६:५, लेवीय १९:१८). सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला उत्तर देताना येशू ख्रिस्ताने ते एकत्र आणले (मत्तय २२, मार्क १२). लूकच्या शुभवर्तमानात मात्र हे उत्तर प्रश्नकर्ता शास्त्रीच देतो आणि ‘शेजारी’ कोण असे पुन्हा विचारतो. त्यावर येशू चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात वैर होते, तरी दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाचा शेजारी शोमरोनीच ठरतो. त्यामुळे शेजारपणाला वंशाची व पंथाची मर्यादा उरत नाही. शत्रूवरील प्रीती हा याच विचाराचा सर्वांत कठीण भाग होय (पाहा : डोंगरावरील प्रवचन). ही प्रीती कृतीतून ओळखली जाते : शोमरोनी जखमा बांधतो, उताऱ्याचा खर्च उचलतो. भावाचा द्वेष करणाऱ्याचे ईश्वरप्रेम योहानाचे पहिले पत्र खोटे ठरविते. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ही दुहेरी प्रीती बायबलच्या अर्थनिर्णयाची कसोटी मानली. ख्रिस्ती सेवाकार्याचा आधार हीच प्रीती होय; उदा., महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवांना केडगाव येथे आश्रय दिला (पाहा : मुक्तिसदन; रमाबाई, पंडिता).