नाण्यांचा नकाशा मालवणपासून

जगभरातील नाणेप्रेमींसाठी स्थळांची मार्गदर्शिका रचायची झाल्यास आरंभ मालवणपासूनही करता येतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये येथे सिंधुदुर्गाचा पाया घातला; त्यांच्याच तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’, तर दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. दक्षिणेस पणजीत पोर्तुगीजांची जुनी टांकसाळ, ‘काझा दा मोएडा’, उभी आहे. उत्तरेस मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे.

नाण्यावर राजाचे नाव असते. ते नाणे कोठवर फिरले, हे मात्र सापडल्या जागेवरूनच कळते. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तो परस्पर विकला गेला, तर नाणी उरतात, इतिहास हरवतो.