हुसेन खानाचे रक्त आणि शाळेतले सूक्ष्मदर्शक

वाचकहो, पेण-रोह्याच्या हायस्कुलांत शिकलेल्या पुष्कळांना विज्ञानाच्या कपाटातील ती उभी लाकडी पेटी आठवत असेल. तीत दीड वीत उंचीचे सूक्ष्मदर्शक असे. त्याला वीज लागत नाही. खालचा आरसा खिडकीकडे वळवून उजेड घ्यावयाचा, काचपट्टी ठेवावयाची आणि स्क्रू हळूहळू फिरवावयाचा. वस्तूजवळचे भिंग 45 पट व डोळ्याजवळचे 10 पट असेल, तर वस्तू 450 पट मोठी दिसते. एका भिंगाची प्रतिमा दुसरे पुन्हा वाढविते, म्हणून हे संयुक्त सूक्ष्मदर्शक. इंग्लंडात रॉबर्ट हुक यांच्यापाशी असे यंत्र 1665 मध्येही होते. पण प्रतिमेच्या कडांना रंग फुटत. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी 1830 मध्ये भिंगांच्या योग्य जोडणीने प्रतिमा अधिक स्पष्ट केली, आणि मग कोठे डॉक्टर मंडळींचा त्यावर भरवसा बसू लागला.

या लहानशा यंत्राने आपल्या देशात काय केले, हे पाहण्यासाठी 1897 सालच्या सिकंदराबादला जावे लागेल. बेगमपेठेच्या इस्पितळात लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस डासांची पोटे फाडून तपासत बसले होते. पंखा ओढवावा तर डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, उरलेले एकुलते नेत्रभिंग तडकलेले! हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने डासामागे एक आणा या दराने स्वतःस चावून घेतले. 16 ऑगस्टला त्याचे रक्त प्यालेल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत 20 ऑगस्टला काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. तसेच कण लाव्हराँ यांनी 1880 मध्ये अल्जीरियात रुग्णांच्या रक्तात पाहिले होते. धागा जुळला. रॉस यांना 1902 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानास आणे मिळाले. शाळेच्या पुस्तकात त्याचेही नाव असावे, असे आम्हांस वाटते.

हा शोध आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत बेंटले यांनी 1911 मध्ये विहिरी व टाक्यांतल्या डासांवर बोट ठेवले. आपला मुलूख तर खाडीचा, भातखाचरांचा आणि परसातल्या विहिरींचा. 1953 मध्ये देशव्यापी हिवताप मोहीम सुरू झाली, आणि पुढे आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून तापकऱ्याच्या बोटाचा थेंब काचपट्टीवर घेऊ लागले. 1965 च्या सुमारास देशात वर्षाला एक लाखाच्या आसपास रुग्ण उरले होते. ढिलाई झाली आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. आज झटपट चाचणीच्या पट्ट्या आल्या आहेत, तरी रक्त रंगवून, तेलाचा थेंब टाकून, हजार पटीत शंभर क्षेत्रे तपासणारा तंत्रज्ञ अजून हवाच असतो. पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या मुलीने ते काम पुढे का करू नये?

शाळेच्या 450 पटीत हिवतापाचा जंतू ओळखणे कठीण आहे. पण रक्तपेशी दिसतात, कांद्याचा पापुद्रा दिसतो, खाचरातल्या पाण्याच्या थेंबात तर जत्राच भरलेली असते. यंत्र मोडेल या भीतीने पेटीला कुलूप लावून ठेवणाऱ्यांनी आमच्या कोकणचा पाऊस विसरू नये. बंद पेटीत दमट हवा कोंडते, भिंगावर बुरशीचे जाळे धरते, आणि ते पुसले तरी काचेवर त्याचे व्रण राहतात.