शिकाऱ्याघरचा गरीब कुत्रा

गोल्डन रिट्रीव्हर हे रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांचे वंशज, अशी वदंता ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं चालली. म्हणे ही जात जोपासणारे लॉर्ड ट्वीडमाउथ ब्रायटनला सर्कस पाहायला गेले आणि कसरती करणारा अख्खा ताफाच विकत घेऊन आले. गोष्ट झकास, पण खोटी. १९५२ मध्ये ट्वीडमाउथांच्या पैदाशीच्या हस्तलिखित वहीतली माहिती 'कंट्री लाइफ' साप्ताहिकात छापून आली. १८३५ ते १८९० पर्यंतच्या त्या नोंदींत रशियन सर्कशीचा मागमूस नव्हता.

खरी कथा बंदुकीपासून सुरू होते. ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा दारू भरण्यात वेळ जाई. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मागून काडतूस भरायची फ्रेंच बंदूक लोकांनी पाहिली आणि पुढच्या काही वर्षांत शिकारीचा वेगच बदलला. पक्षी भराभर पडू लागले. कुणी काटेरी झुडपात, कुणी थंडगार ओढ्यापलीकडे. ते आणणार कोण? पॉइंटर आणि सेटर सावज दाखवण्यात पटाईत, पण उचलून आणणं हे काम वेगळं, ते रिट्रीव्हरचं.

ट्वीडमाउथ, म्हणजे तेव्हाचे डडली मार्जोरीबँक्स, यांची स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसजवळ गिसाकन नावाची मोठी जहागीर होती. १८६५ मध्ये त्यांनी ब्रायटनहून नाउस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणला. काळ्या पिल्लांच्या वेतात तो एकटाच पिवळा निघाला होता. ट्वीड नदीकाठच्या पाणस्पॅनियल जातीतली बेल ही मादी त्याला दाखवली, आणि १८६८ मध्ये पिवळी पिल्लं झाली. क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोज: नावं पिवळ्या फुलांची. पुढे काउस्लिपच्या वंशात आणखी स्पॅनियल, काळे रिट्रीव्हर, तांबडा सेटर असं रक्त मिसळत गेलं. बेलची ती पाणस्पॅनियल जात मात्र आज नामशेष झाली आहे.

आपण ज्याला 'अगदी गरीब आहे हो' म्हणतो, तो स्वभाव या निवडीतून आला. आणलेल्या पक्ष्यावर दात उमटला तर तो ताटात वाढायच्या लायकीचा राहत नाही, म्हणून जबडा हलका हवा. बार होत असताना मालकाच्या पायाशी गप्प बसता यायला हवं. शिकारीला दहा कुत्री जमत, तिथे भांडकुदळ कुणाला चालणार? हुकूम ऐकण्याची हौस आणि पाण्याचं वेडही तिथलंच. राखणीचा गुण कुणी मागितलाच नव्हता. म्हणून चोर आला तरी हा शेपटी हलवतच पुढे जाईल, असं माझं मत.

ब्रिटनच्या केनेल क्लबने १९११ मध्ये गोल्डनला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, आणि १९२० मध्ये आजचं नाव पक्कं झालं. पुढे बंदूक बाजूला पडली, कुत्रा दिवाणखान्यात आला. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांत लॅब्रडॉर आणि गोल्डन यांच्या संकराला मोठी मागणी आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्येही तो रुळला. पण थंड पाण्यासाठी राखलेला दुहेरी केसांचा कोट इथल्या उन्हाळ्यात त्याला छळतो, आणि रोज झाडू मारणाऱ्या बाईंना तर त्याहून अधिक.