कँडीहून पुण्यात आलेली पेपल सेमिनरी

जळगावहून नगरमार्गे पुण्यात शिरताना रामवाडी लागते. आता ती मेट्रोच्या स्थानकामुळे सर्वांच्या ओळखीची झाली. कॅथलिक जगतात मात्र ती ख्यात आहे पेपल सेमिनरीमुळे. येथे कॅथलिक धर्मगुरू घडवले जातात. या संस्थेचा जन्म श्रीलंकेतला, कँडी येथील, १८९३ सालचा.

त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी एका पत्रातून तिचे प्रयोजन सांगितले. परदेशी मिशनरी संख्येने थोडे. इथल्या भाषा व चालीरीती त्यांना पुरत्या अवगत होत नाहीत. आणि उद्या परकीयांना देश सोडावा लागला, तर मागे चर्च सांभाळणार कोण? म्हणून भारतीयांनाच धर्मगुरू करावे. यांतील तिसरे कारण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. युरोपीय साम्राज्ये ऐन भरात असताना रोम त्यांच्याविना तगणाऱ्या चर्चचा विचार करीत होते!

शिकवणारे मात्र बेल्जियन जेझुइट आणि अध्यापनाची भाषा लॅटिन. निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थ्यांना ती सोयीची होती, हे मान्य. पण गोव्यात राशोल येथे इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले गेले, ते १६१६ साली. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी भूमिपुत्रांना लॅटिनमधून धर्मशास्त्र शिकवावे, हे विसंगतच होते.

१९२६ साली रोमने पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढे १९४८ साली लंका स्वतंत्र झाली आणि भारतीय विद्यार्थ्यांना कँडी परदेश ठरली. प्रवेश-परवान्यांच्या अडचणी वाढल्या. अखेर १९५५ साली संस्था पुण्यात आली. लिओंना चिंता होती परकीय मिशनऱ्यांची. सीमा आडवी आली ती भारतीय विद्यार्थ्यांनाच.

१९६२ ते १९६५ दरम्यानच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनचे वर्चस्व ओसरले. १९७२ साली अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाने 'ज्ञानदीप' हे नाव धारण केले.

आपल्या जळगाव-धुळ्याचा कॅथलिक समाज १९८७ पासून, पुण्यातून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो. खानदेशात नेमणूक झालेल्या धर्मगुरूला लॅटिनच काय, प्रमाण मराठीही पुरत नाही: तापीकाठी अहिराणी यावी लागते, आणि सातपुडा चढला की भिलांच्या व पावरांच्या बोली.