हुकूम विशाळगडचा, शिक्का जिंजीचा

महसूल खात्यात हयात गेली की माणूस इतिहासातही आधी फाईल शोधतो. लढाई कोणी जिंकली याआधी मला प्रश्न पडतो तो हुकूम कोणी काढला, कोणाच्या नावानं काढला आणि तो पोचेपर्यंत परिस्थिती तीच राहिली होती का, हा. म्हणून मराठ्यांच्या इतिहासात रामचंद्रपंत अमात्यांइतकं दुसऱ्या कोणाबद्दल मला कुतूहल नाही. वरिष्ठ सरळ रेषेत मोजलं तरी साडेसातशे किलोमीटरवर, तोही वेढ्यात, आणि इथं बादशहा स्वतः फौजेनिशी दारात बसलेला. अशा स्थितीत या माणसानं आठ वर्षं राज्याचा कारभार हाकला.

१६८९ सालचा घटनाक्रम वाचताना आजही दम लागतो. फेब्रुवारीच्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची क्रूर हत्या झाली. रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं, पण एप्रिलमध्ये त्यांना गड सोडावा लागला. नोव्हेंबरात रायगडच पडला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि त्यांचे बालवयातले पुत्र शाहू मोगलांच्या हाती गेले. तोवर राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून दक्षिणेकडे निघाले होते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेली तामिळ मुलखातली जिंजी आता राजधानी झाली. पुढच्याच वर्षी मोगल सरदार झुल्फिकार खान तिथं येऊन ठेपला आणि वेढा पडला, तो रेंगाळत रेंगाळत १६९८ पर्यंत चालला.

मागे महाराष्ट्रात राहिले रामचंद्रपंत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अष्टप्रधानांत होते, म्हणजे थोरल्या महाराजांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. जोडीला शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक. पंतांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब मिळाला आणि त्यासोबत किल्ले, फौज, वसूल, नेमणुका यांचे निर्णय छत्रपतींच्या वतीनं घेण्याचा अधिकार. आमच्या भाषेत सांगायचं तर कार्योत्तर मंजुरीची वाट न पाहता काम करायची मोकळीक त्यांना आधीच मिळाली होती.

तिची किंमत मला ठाऊक आहे. २००५ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला तेव्हा मी नदीकाठच्या एका तालुक्यात मंडल अधिकारी होतो. फोन बंद, रस्ते पाण्याखाली, शाळेत आणून बसवलेली माणसं उपाशी. तलाठ्याला आणि कोतवालाला साक्षीला घेतलं, पंचनामा केला आणि रेशनच्या गोदामाचं कुलूप काढायला लावलं. गहू-तांदूळ किती गेला याची जागेवर यादी केली. पाणी ओसरल्यावर वरिष्ठांचा पहिला प्रश्न आला, “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” कार्योत्तर मंजुरी मिळाली, पण टिप्पणीवर टिप्पणी चढत तिला पुढची दिवाळी उजाडली. असो. त्या काळात मी पंतांनी लिहिलेलं राजनीतीवरचं आज्ञापत्र पहिल्यांदा नीट वाचलं.

पंतांच्या काळचं सरकारी पत्र हातात घेतलं की एक गोष्ट लगेच जाणवते. अरुंद कागद एकाखाली एक चिकटवलेले असतात, बोरूनं लिहिलेली मोडी एका दमात खालपर्यंत उतरते. मजकूर संपतो तिथं मोर्तबाचा छोटा शिक्का, म्हणजे त्यापुढे एक अक्षरही वाढवता येणार नाही. पुष्कळदा कागद उलटून पाहावा तर दोन कागदांच्या सांध्यावर पुन्हा शिक्का, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. शेवटी दफ्तरात नोंद झाल्याची खूण. एवढा सगळा बंदोबस्त हुकूम कोणी फिरवू नये यासाठी. पण पत्र घेऊन निघालेला जासूद मोगलांच्या चौक्या चुकवत, नद्या ओलांडत जिंजीहून पंतांच्या विशाळगडाला पोचेपर्यंत ज्या किल्ल्याबद्दल हुकूम आहे तो किल्लाच शत्रूकडे गेलेला असायचा. त्यावर कोणत्याही शिक्क्याचा इलाज नव्हता.

पंतांनी मार्ग काढला तो असा. काय साधायचं ते छत्रपतींचं, कसं साधायचं ते आपलं. बादशहाशी समोरासमोर झुंज घ्यायची नाही, किल्ला जड जात असेल तर सोडायचा, पावसाळा उलटला की परत घ्यायचा, रसद मारायची. गेलेला पन्हाळा १६९२ मध्ये परशुरामपंतांनी परत मिळवला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कधी महाराष्ट्रात तर कधी जिंजीच्या मुलखात धावत होते आणि त्यांच्या फौजांचा पोशिंदा विशाळगडचा कारभार होता. गंमत अशी, की पंत एवढे मोकळे असूनही सगळा व्यवहार छत्रपतींच्या नावानंच चालला. स्वतःचं वेगळं राज्य थाटायला त्यांना याहून चांगली संधी मिळाली नसती.

घोटाळा झाला तो वतनांपायी, आणि तो जिंजीच्या बाजूनं झाला असं माझं स्पष्ट मत आहे. औरंगजेब देशमुख-देशपांड्यांना मनसबी आणि वतनं देऊन फोडत होता. त्यांना धरून ठेवायला मराठ्यांनाही वतनं द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी जे कटाक्षानं आवरलं होतं ते इथं मोकळं सुटलं. पंतांच्या दफ्तरालाही ते टाळता आलं नाही. पण इथं हक्क नाकारला गेला की माणूस थेट जिंजी गाठायचा आणि तिथून सनद घेऊन यायचा. एकाच वतनावर दोन दावेदार, दोघांकडे खरी कागदपत्रं! ज्याला मुलूख सांभाळायला सांगितलंय त्याच्या डोक्यावरून परस्पर आदेश काढायचे, ही खोड राजवाड्यातली असो की मंत्रालयातली, तिचा त्रास तालुक्याच्या माणसालाच होतो. १६९१ मध्ये हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपड्यांना राजाराम महाराजांनी दिलेलं आश्वासन वाचण्यासारखं आहे. रक्कम टप्प्याटप्प्यानं मिळायची होती: एकेक मुलूख हाती येईल तसतशी, आणि शेवटचा हप्ता दिल्ली घेतल्यावर. तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा महाराजांनी स्वप्नावर तारीख टाकून दिली. त्यांची हिंमत मात्र दांडगी!

संताजीची गोष्ट पंतांच्या नेमकी उलट. रणांगणावर त्याच्याइतका स्वतंत्र डोक्याचा सेनापती त्या काळात दुसरा नव्हता. १६९५ च्या नोव्हेंबरात दोड्डेरीला त्यानं कासिम खानाला असं कोंडलं की मोगल फौज अन्नाला महाग झाली आणि खानानं तिथंच प्राण सोडला. जानेवारीत बसवापट्टणजवळ हिंमत खान पडला. शिस्त इतकी कडक की लहान चुकीलाही जबर शिक्षा, असं मोगलांकडच्या लेखकांनीही नोंदवलं आहे. पण हाच माणूस जिंजीला आला तेव्हा छत्रपतींशीच त्याचं बिनसलं. १६९६ मध्ये धनाजीच्या फौजेशी त्याची लढाई झाली, धनाजीच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर मारला गेला. सेनापतिपद गेलं. १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी मान्यानं त्याला गाठून ठार केलं.

इतिहासकार संताजीच्या स्वभावावर बोट ठेवतात. स्वभाव होताच. पण पंतांना जशी लेखी मोकळीक आणि लेखी हद्द मिळाली होती, तशी संताजीला कधी आखून मिळाली नाही. आज सेनापती, उद्या धनाजी सेनापती, परवा पुन्हा संताजी, हा खेळ जिंजीच्या दरबारानं केला. त्यात संताजीची चूक पन्नास टक्के धरली तरी उरलेली पन्नास कोणाची?

मोगलांकडे काय स्थिती होती? तिथं तर शहजादा कामबक्षच जिंजीच्या किल्ल्यातल्या मराठ्यांशी गुपचूप बोलणी करत होता, आणि झुल्फिकार खान व त्याचा बाप असद खान यांनी बादशहाच्या पोटच्या मुलाला कैद केलं. हुकमाची वाट पाहायला वेळ नव्हता. हे धाडस खानाच्या अंगाशी आलं नाही एवढं खरं.

राजाराम महाराज जिंजीतून निसटून १६९८ मध्ये परत आले तेव्हा इथं मुलूख नांगरून टाकल्यासारखा झाला होता, तरी राज्य जागेवर होतं. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर ते वारले. त्यानंतर गादी कोणाची यावर पंत आणि राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई यांच्यात मतभेद झाले. पंतांच्या मते हक्क शाहूंचा होता. तरी ताराबाईंचा मुलगा गादीवर बसला आणि पंत कामावर राहिले. पुढे शाहू परतल्यावर ताराबाईंची गादी कोल्हापुरात आली, पण १७१४ मध्ये तिथं त्यांना बाजूला सारून राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचा मुलगा संभाजी छत्रपती झाला, त्यात पंतांचा हात होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या शिक्क्यानं राज्य चालवणारा माणूस उतारवयात शिक्का कोणाच्या हाती असावा हे ठरवू लागला. हे मला खटकतं आणि ते झाकायचं कारण नाही.

आज्ञापत्र याच सुमारास लिहिलं गेलं. ते बोलतं संभाजी छत्रपतींच्या मुखानं, मसुदा पंतांचा; ज्यांनी साहेबांच्या सहीसाठी टिप्पणी लिहिली आहे त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. त्यात आरमाराच्या लाकडासाठी आंब्या-फणसाची झाडं तोडू नका, अशी ताकीद आहे. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, किनाऱ्यावर आणि किल्ल्याजवळ कायमची जागा देऊ नका, असं बजावलं आहे. प्रधान हा राजाच्या मदाला अंकुश, असंही आहे. आणि चाकरांना नवी इनामं दिली की राज्य तेवढं कमी होतं, हे तर जिंजीचा अनुभव घेतलेल्या हातानंच लिहावं. वतनदारांवरचं प्रकरण वाचताना पंतांच्या मनातला आठ वर्षांचा वैताग कळून येतो.

पन्हाळ्यावर सहलीला जाणाऱ्यांनी तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहून झाल्यावर रामचंद्रपंतांच्या समाधीकडेही जरूर वळावं. आज्ञापत्र छापील मिळतं, पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत वाचून होतं. नव्यानं खुर्चीवर बसणाऱ्या अधिकाऱ्यानं त्यातली प्रधानांची आणि वतनदारांची दोन प्रकरणं तरी रुजू होण्याआधी वाचावीत.