पेंटियमचा चुकलेला भागाकार : सदोष चिप परत घेण्याची गोष्ट

१/ सदोष माल विकणाऱ्याने बदलून द्यावा, हा व्यापारातला जुना संकेत. पण दोष खरोखर बदलून देण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने? संगणकाच्या इतिहासात हा प्रश्न १९९४ च्या अखेरीस ऐरणीवर आला. त्याचे उत्तर इंटेल कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरना पडले.

२/ मार्च १९९३ मध्ये इंटेलने ‘पेंटियम’ प्रोसेसर बाजारात आणला. कंपनीचे खरे गिऱ्हाईक म्हणजे संगणक बनवणारे कारखानदार. घरी संगणक नेणाऱ्याशी तिचा थेट व्यवहार नव्हता. मात्र १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ या जाहिरातींनी पेटीच्या आतल्या भागाचे नाव सामान्य खरेदीदाराच्या तोंडी बसवले होते. ही ओळख पुढे कंपनीवरच उलटणार होती.

३/ अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. ११ आणि १३ किंवा १७ आणि १९ अशा जोडमूळ संख्यांवर त्यांचे संशोधन चाले. या संख्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज ते अनेक संगणकांवर करत. मार्च १९९४ मध्ये त्यांत एका पेंटियम यंत्राची भर पडली आणि जूनमध्ये उत्तरे जुळेनाशी झाली.

४/ नाइसलींनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. मग कंपायलर, मग संगणकाचे इतर भाग. एकेक संशयित बाद करण्यात चार महिने गेले. ऑक्टोबरमध्ये दोष चिपमध्येच असल्याची त्यांची खात्री पटली. २४ ऑक्टोबरला त्यांनी इंटेलला कळवले. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ३० ऑक्टोबरला त्यांनी इतर जाणकारांना ई-मेल पाठवला आणि आपापल्या यंत्रांवर पडताळणी करण्याची विनंती केली.

५/ दोष नेमका काय होता? शाळेतल्या भागाकारासारखाच पेंटियमचा भागाकारही पायरीपायरीने चाले. प्रत्येक पायरीला पुढचा अंक कोणता घ्यावा, हे चिपमध्ये कोरलेल्या एका तक्त्यावरून ठरे. त्या तक्त्यात १०६६ नोंदी हव्या होत्या. त्यांतल्या ५ भरायच्या राहून गेल्या. तिथे २ ऐवजी शून्य वाचले जाई आणि चूक पुढच्या पायऱ्यांत उतरे.

६/ सर्वांत गाजलेले उदाहरण : ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. अचूक उत्तर १.३३३८२०…, पेंटियमचे उत्तर १.३३३७३९…. दशांश चिन्हानंतरचा चौथाच अंक चुकलेला! यंत्र बंद पडत नसे, सूचनाही देत नसे. ते खात्रीने चुकीचे उत्तर देई.

७/ इंटेलला हे नवीन नव्हते. कंपनीच्या अभियंत्यांना हा दोष १९९४ च्या मध्यालाच सापडला होता. पुढच्या उत्पादनात तो दुरुस्त करायचे ठरले. विकल्या गेलेल्या चिपांबद्दल मात्र ग्राहकांना काहीही सांगितले गेले नाही.

८/ नोव्हेंबरमध्ये बातमी व्यावसायिक नियतकालिकांतून दूरचित्रवाणीवर पोहोचली. इंटेलने आकडेमोड पुढे केली : अशी चूक सुमारे ९ अब्ज भागाकारांत एकदा, म्हणजे स्प्रेडशीट वापरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला २७,००० वर्षांत एकदा भेटेल. त्यामुळे अचूक गणिताची गरज पटवून देणाऱ्यालाच चिप बदलून मिळेल.

९/ हिशेबाचे गृहीतक असे, की भागाकारातल्या संख्या कशाही, यदृच्छेने येतात. प्रत्यक्ष कामातल्या संख्या तशा नसतात. त्याहून मोठी अडचण अशी, की आपले कोणते जुने उत्तर चुकले हे संशोधकाला ओळखता येत नव्हते. आणि पूर्ण पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने निर्दोष वस्तूची आपली पात्रता सिद्ध करायची, ही अट लोकांना जिव्हारी लागली.

१०/ १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमच्या संगणकांची विक्री थांबवली. तिच्या हिशेबाने नेहमीच्या वापरातही २४ दिवसांत एक चूक संभवत होती. आयबीएम स्वतः ‘पॉवरपीसी’ या प्रतिस्पर्धी प्रोसेसरच्या निर्मितीत भागीदार असल्याने तिच्या हेतूवर शंका घेतली गेली. पण २७,००० वर्षे आणि २४ दिवस ही तफावत पाहून सामान्य ग्राहकाचा दोन्ही आकड्यांवरचा विश्वास उडाला.

११/ २० डिसेंबर १९९४. इंटेलने माघार घेतली. मागेल त्याला, कारण न विचारता, संगणक वापरात असेपर्यंत केव्हाही, चिप मोफत बदलून मिळेल असे जाहीर झाले. वृत्तपत्रांतून पानभर दिलगिरी छापली गेली. कंपनीला घरगुती ग्राहकांशी बोलण्याची सवयच नव्हती. चिपचे आराखडे करणारे अभियंतेसुद्धा कामे बाजूला ठेवून दूरध्वनी घेण्यासाठी बसले.

१२/ १७ जानेवारी १९९५ रोजी या प्रकरणापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद जाहीर झाली. गंमत अशी, की हक्क मिळाल्यावर बहुसंख्य घरगुती ग्राहकांनी चिप बदलून घेतलीच नाही. त्यांचा राग मुख्यतः वागणुकीवर होता. ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे त्यांना कंपनीकडून ऐकायचे नव्हते.

१३/ यापुढे इंटेल आपल्या प्रोसेसरांतल्या ज्ञात दोषांच्या याद्या उघडपणे प्रसिद्ध करू लागली. आजही प्रत्येक नव्या चिपमागोमाग अशी यादी येते, कारण निर्दोष चिप जवळपास नसतेच. कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच हे प्रकरण सांगितले आहे. परत आलेल्या काही चिपांच्या किल्ल्यांच्या साखळ्या करून इंटेलने आपल्याच कर्मचाऱ्यांना वाटल्या.